व्हीएमची डिस्क लहान केली तरी परत फुगते, नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएमच्या) आतल्या विंडोज किंवा लिनक्समध्ये, बघितलं तर २२ जीबी वापरलेत आणि होस्टवर, म्हणजे ती चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर, त्याच व्हीएमच्या डिस्कची फाइल ७० जीबीची. मग आपण आत जाऊन जुने सेटअप, डाउनलोड, लॉग सगळं डिलीट मारतो, रिसायकल बिन रिकामा करतो, व्हीएम बंद करून परत चालू करतो, आणि होस्टवरचा आकडा होता तिथेच. काही जण पुढे जाऊन कॉम्पॅक्टची, म्हणजे फाइल आकसवण्याची, कमांडही मारतात, ती शंभर टक्के झालं म्हणून सांगते, फाइल तेवढीच. आणि ज्यांची खरंच लहान होते त्यांची काही आठवड्यांनी परत फुगते. तिन्ही तक्रारींच्या मागे एकच कारण आहे, फक्त अडकण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असते.

एक सांगून ठेवतो, खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची, आणि स्पेलिंगची शंका आली तर त्या टूलची हेल्प उघडून बघायची.

इथे आकडे तीन असतात आणि सगळा घोळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पहिला, गेस्टच्या फाइल सिस्टिमने किती जागा वापरलीय. दुसरा, होस्टवर त्या डिस्क फाइलने खरोखर किती जागा अडवलीय. तिसरा, डिस्कची कमाल मर्यादा, म्हणजे व्हीएम बनवताना आपण १०० जीबी, २०० जीबी जे काही टाकलं ते. बहुतेकांना दुसरा आकडा खाली आणायचा असतो पण सर्च करताना ते डिस्क रिसाइझ असं शोधतात आणि तिसऱ्या आकड्याच्या भानगडीत अडकतात, जे काम जास्त अवघड आहे, जास्त धोक्याचं आहे आणि दहातल्या नऊ वेळा त्याची गरजच नसते. डायनॅमिक, म्हणजे लागेल तशी वाढणाऱ्या, डिस्कची मर्यादा २०० जीबी असली तरी आत २२ जीबीच असतील तर होस्टवर फाइल साधारण तेवढीच राहायला हवी, मर्यादा मोठी असण्याचं काही भाडं पडत नाही.

मग फाइल तेवढी का राहत नाही? गेस्टमध्ये फाइल डिलीट केली की एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची) फक्त स्वतःच्या नोंदवहीत हे ब्लॉक आता मोकळे असं लिहून ठेवतं, त्या ब्लॉकमधला डेटा तसाच पडून राहतो आणि खालच्या डिस्कला कुणी काही सांगत नाही. होस्टच्या बाजूने हायपरवायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुमची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, त्याला एवढंच माहीत की या ब्लॉकवर कधीतरी काहीतरी लिहिलं गेलं होतं, म्हणजे तो वापरात आहे. वर फाइल सिस्टिमला नवीन फाइल लिहिताना आधीच वापरलेली मोकळी जागाच घ्यावी असं काही बंधन नाही, ती डिस्कभर कुठेही लिहिते, त्यामुळे २० जीबीचा डेटा आत-बाहेर होत राहिला तरी काही महिन्यांत ७० जीबी जागेला एकदा तरी हात लागून जातो. आणि हात लागला की फाइल वाढली.

त्यात ब्लॉकच्या आकाराचाही भाग आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय फाइलमध्ये जागा १ एमबीच्या तुकड्यांत घेतली जाते, हायपर-व्हीच्या डायनॅमिक व्हीएचडीएक्समध्ये डीफॉल्ट तुकडा ३२ एमबीचा असतो. म्हणजे ३२ एमबीतले ४ केबी जरी वापरात असले तरी तो पूर्ण तुकडा सुटत नाही. ईएक्सटी४ आपला डेटा डिस्कभर पसरून ठेवतं म्हणून लिनक्स गेस्टसाठी व्हीएचडीएक्स बनवताना ब्लॉक साइझ १ एमबी ठेवा असं मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये सांगितलंय. ज्यांच्या हायपर-व्हीवरच्या लिनक्स व्हीएम काही केल्या आकसत नाहीत त्यांनी हे एकदा तपासावं, कारण हा आकार डिस्क बनवतानाच ठरतो, नंतर बदलायचा तर नवीन व्हीएचडीएक्स बनवून डेटा तिकडे न्यावा लागतो.

सुरुवात स्नॅपशॉटपासून

कॉम्पॅक्टला हात लावायच्या आधी व्हीएमचे स्नॅपशॉट बघा, हायपर-व्हीमध्ये त्यांना चेकपॉइंट म्हणतात. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं. आता तुम्ही गेस्टमध्ये ३० जीबी डिलीट केलेत तरी ते मूळ फाइलमध्ये जसेच्या तसे राहणार, कारण स्नॅपशॉटचं कामच ते आहे, मागे जाता आलं पाहिजे. वर रिकाम्या जागेत शून्य भरायला गेलात तर ती शून्यं त्या नवीन फाइलमध्ये जाऊन बसतात आणि जागा कमी व्हायच्या ऐवजी वाढते. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये तर स्नॅपशॉट असताना श्रिंक होतच नाही, लिंक्ड क्लोन असेल तरी नाही आणि जागा आधीच पूर्ण घेतलेली डिस्क असेल तरी नाही.

म्हणून नको असलेले स्नॅपशॉट काढून टाका, पण हायपरवायझरच्या मॅनेजरमधूनच. फोल्डर उघडून फाइल हाताने उडवली तर साखळी तुटते आणि व्हीएम सुरूच होत नाही, मग डिस्कचा आकार हा विषयच राहत नाही. स्नॅपशॉट डिलीट करणं म्हणजे त्यातला डेटा मुख्य फाइलमध्ये मिसळणं, त्यासाठी तात्पुरती जास्तीची जागा लागू शकते आणि वेळही बराच जातो, मध्येच कंटाळून कॅन्सल करू नका. होस्टची डिस्क गच्च भरलेली असताना हे करायला गेलात तर अर्ध्यात अडकायची भीती असते, आधी होस्टवर थोडी मोकळी जागा करून घ्या किंवा व्हीएमचं फोल्डर मोठ्या ड्राइव्हवर हलवा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो, कारण फाइल फुगलीये असं वाटत असतं आणि खरं म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा अपडेटच्या आधी म्हणून घेतलेला स्नॅपशॉट ४० जीबी धरून बसलेला असतो.

गेस्टमधली साफसफाई

इथे फार वेळ घालवत नाही. विंडोजमध्ये डिस्क क्लीनअपमधून सिस्टिम फाइल्स साफ करा, विंडोज डॉट ओल्ड असेल तर तो जाऊ द्या, विनएसएक्सएस फोल्डरमधून हाताने काही काढू नका, त्यासाठी डिझम कमांडचा स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप हा पर्याय आहे. हायबरनेशन व्हीएममध्ये कशालाच लागत नाही, पॉवरसीएफजी /एच ऑफ मारलं की हायबरफिल फाइल जाते आणि रॅम भरपूर दिलेली असेल तर काही जीबी तिथेच सुटतात. लिनक्समध्ये पॅकेजचा कॅश, जुने कर्नल, जर्नलसीटीएलचा व्हॅक्युम-साइझ पर्याय आणि डॉकर वापरत असाल तर डॉकर सिस्टिम प्रून, फक्त त्याला व्हॉल्यूमचा पर्याय जोडायच्या आधी विचार करा, डेटाबेस त्या व्हॉल्यूममध्ये असू शकतो. लॉग डिलीट करूनही डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा दिसत नसेल तर कुठल्यातरी प्रोसेसने ती फाइल उघडी धरलीय, एलएसओएफ +एल१ ने दिसेल, ती सर्व्हिस रीस्टार्ट करा.

एक गोष्ट मात्र आवर्जून, गेस्टमध्ये डीफ्रॅग चालवू नका. जुन्या लेखांमध्ये आधी डीफ्रॅग मग कॉम्पॅक्ट असं सांगितलेलं सापडतं. ते पूर्वी काही बाबतीत ठीक होतं, पण डीफ्रॅग म्हणजे डेटा इकडून तिकडे हलवणं, म्हणजे आतापर्यंत कोऱ्या असलेल्या ब्लॉकवर लिहिणं, म्हणजे फाइल अजून मोठी. पुढे शून्य भरून कॉम्पॅक्ट करणारच असाल तर निदान ती वाढ निस्तरली जाते, नुसता डीफ्रॅग केला तर निव्वळ तोटा.

शून्य भरणं, आणि इथेच जास्त लोक चुकतात

हायपरवायझरला फाइल सिस्टिम कळत नसली तरी पूर्ण शून्यांचा ब्लॉक ओळखता येतो. म्हणून जुनी आणि सगळीकडे चालणारी युक्ती अशी की गेस्टमधली मोकळी जागा शून्यांनी भरायची, व्हीएम बंद करायची आणि मग कॉम्पॅक्ट करायचं, कॉम्पॅक्ट ते शून्यांचे ब्लॉक फाइलमधून काढून टाकतं. कॉम्पॅक्ट झालं पण साइझ तेवढीच या तक्रारीचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे ही मधली पायरी झालेलीच नसते.

विंडोजमध्ये यासाठी सिसइंटर्नल्सचं एसडिलीट वापरतात. त्यात -झेड म्हणजे शून्य भरणं आणि -सी म्हणजे मोकळी जागा परत सापडू नये अशी पुसणं. दोन्ही ऐकायला सारखंच वाटतं पण -सी ने जागेत शून्य नाही तर कचरा राहतो, फाइल मर्यादेपर्यंत फुगते आणि कॉम्पॅक्टने एक एमबीसुद्धा कमी होत नाही. त्यात अजून गंमत म्हणजे फार जुन्या आवृत्तीत या दोन अक्षरांचे अर्थ उलटे होते, त्यामुळे जुन्या लेखातली कमांड कॉपी करून मारण्याआधी तुमच्या आवृत्तीची हेल्प वाचा.

लिनक्समध्ये ईएक्सटी असेल तर झीरोफ्री सगळ्यात बरं, ते फक्त जे मोकळे ब्लॉक आधीच शून्य नाहीत तेवढेच लिहितं त्यामुळे फाइल उगाच फुगत नाही. अट एवढीच की पार्टिशन अनमाउंट किंवा रीड-ओन्ली हवं, म्हणून लाइव्ह आयएसओने किंवा रिकव्हरी मोडमध्ये बूट करून चालवायचं. दुसरा मार्ग डीडीने डेव्ह-झीरोतून एक मोठी फाइल लिहायची, जागा संपली म्हणून एरर येईपर्यंत, ती एरर अपेक्षितच आहे, मग सिंक मारून ती फाइल डिलीट करायची. हे चालू सिस्टिमवर करता येतं पण त्या काही मिनिटांत डिस्क शंभर टक्के भरलेली असते, डेटाबेस किंवा मेल सर्व्हर चालू असेल तर त्याला लिहायला जागा मिळणार नाही, आधी बंद करा. शिवाय डीडी आणि एसडिलीट दोन्हीच्या वेळी होस्टवरची फाइल मर्यादेपर्यंत वाढू शकते. १०० जीबीची मर्यादा असेल आणि होस्टवर १० जीबीच मोकळे असतील तर व्हीएम मध्येच पॉज होईल किंवा एरर देऊन पडेल, आणि जागा मोकळी करायला निघालेला माणूस जागा नाही म्हणून अडकतो.

बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर डीडीची युक्ती फसते, कारण शून्यं दाबून जवळपास नाहीशी होतात आणि डिस्क भरतच नाही. स्वॅप पार्टिशन विसरलं जातं, त्यात जुना कचरा असतो, स्वॅपऑफ करून त्यावर शून्य भरा आणि एमकेस्वॅप करताना जुना यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) -यू ने परत द्या, नाहीतर पुढच्या बूटला एफएसटॅबमधला स्वॅप सापडत नाही म्हणून सिस्टिम दीड मिनिट ताटकळत बसते.

आणि एन्क्रिप्शन. गेस्टमध्ये लक्स किंवा बिटलॉकर असेल तर आतून लिहिलेलं शून्य डिस्कवर एन्क्रिप्ट होऊनच पोचतं, बाहेरून ते रँडम डेटासारखंच दिसतं. तिथे झीरोफ्री, एसडिलीट, कॉम्पॅक्ट सगळं करून काहीही कमी होत नाही. यावर उपाय ट्रिमचाच, म्हणजे मोकळे ब्लॉक खाली कळवण्याचा, त्याकडे येतो.

मग कॉम्पॅक्ट

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्समॅनेजची मॉडिफायमीडियम कमांड, पुढे डिस्क हा शब्द, फाइलचा पूर्ण पाथ आणि --कॉम्पॅक्ट. पाथमध्ये स्पेस असेल तर अवतरणात टाका. हे व्हीडीआयसाठीच आहे. डिस्क व्हीएमडीके असेल, आणि बाहेरून आणलेल्या ओव्हीए फाइल इंपोर्ट केल्या की बहुतेक वेळा तीच असते, तर कमांड सरळ हे फॉरमॅटला जमत नाही म्हणते. मग क्लोनमीडियमने व्हीडीआयमध्ये क्लोन करा, व्हीएमला ती नवीन डिस्क जोडा आणि नीट बूट होतेय हे बघून जुनी काढा. क्लोन मारायच्या आधी शून्य भरलेले असतील तर नवीन फाइल बऱ्याचदा लहानच जन्माला येते. फिक्स्ड साइझची डिस्क असेल तर कॉम्पॅक्टचा काही उपयोग नाही, तिचीही अशीच डायनॅमिक प्रत काढायची.

व्हीएमवेअर वर्कस्टेशनवर सोपं आहे, टूल्स टाकलेली असतील तर लिनक्स गेस्टमध्ये रूट होऊन व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी डिस्क श्रिंक आणि पुढे माउंट पॉइंट, ते शून्यही भरतं आणि आकसवतंही. विंडोज गेस्टला व्हीएमच्या मॅनेज मेनूत क्लीन अप डिस्क्स आहे. बंद व्हीएमच्या फाइलवर बाहेरून करायचं तर व्हीएमवेअर-व्हीडिस्कमॅनेजर -के. ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरच्या हायपरवायझरवर हे चालत नाही, तिथे थिन (लागेल तशी जागा घेणाऱ्या) डिस्कसाठी व्हीएमकेएफएसटूल्स -के, हा के कॅपिटल, मशीन बंद ठेवून.

हायपर-व्हीमध्ये व्हीएम बंद करा, माउंट-व्हीएचडी -रीडओन्ली ने होस्टवर जोडा, मग ऑप्टिमाइझ-व्हीएचडी -मोड फुल, मग डिसमाउंट. रीड-ओन्ली जोडल्याने होस्टला एनटीएफएस वाचून मोकळी जागा कळते, म्हणून विंडोज गेस्टसाठी शून्य न भरताही बरंच सुटतं. लिनक्स गेस्ट असेल तर बंद करायच्या आधी आत एफएसट्रिम (ट्रिमची कमांड) मारून घ्या, फरक पडतो.

क्यूकाऊ२, म्हणजे केव्हीएम-क्यूईएमयू या लिनक्सवरच्या हायपरवायझरची डिस्क फाइल, त्यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्टने नवीन क्यूकाऊ२ प्रत काढणं. शून्यांचे ब्लॉक प्रतीत येत नाहीत, जुनी फाइल हात न लावता बाजूला राहते, काही बिघडलं तर परत तीच वापरता येते. आतले इंटर्नल स्नॅपशॉट मात्र प्रतीत येत नाहीत हे लक्षात असू द्या. -सी देऊन कॉम्प्रेस करता येतं पण रोज चालणाऱ्या व्हीएमला ते नको, नवीन लिखाण कॉम्प्रेस न होताच होतं त्यामुळे फायदा हळूहळू विरून जातो, ते ठेवणीतल्या टेम्प्लेटसाठी ठीक. लिबगेस्टएफएसचं व्हर्ट-स्पार्सिफाय हेच काम शून्य भरण्यासकट करून देतं, त्याचा --इन-प्लेस पर्याय होस्टवर जागाच नसेल तेव्हा फार कामाचा. काहीही करताना व्हीएम बंद पाहिजे, चालू व्हीएमच्या डिस्कवर हे चालवलं तर डेटा गेलाच म्हणून समजा.

विंडोजवर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांचीही हीच रड असते, फक्त आपण व्हीएम चालवतोय हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. सी ड्राइव्ह भरला म्हणून शोधाशोध केली की कुठल्यातरी खोल फोल्डरमध्ये ईएक्सटी४ डॉट व्हीएचडीएक्स नावाची प्रचंड फाइल सापडते, डॉकर डेस्कटॉप असेल तर त्याची अजून एक वेगळी. डॉकरची इमेज डिलीट करून ती आपोआप लहान होईल असं समजू नका. आत साफसफाई आणि एफएसट्रिम, मग डॉकर डेस्कटॉप पूर्ण बंद, मग डब्ल्यूएसएल --शटडाउन, मग अ‍ॅडमिन होऊन डिस्कपार्ट उघडा, सिलेक्ट व्हीडिस्कने ती फाइल निवडा, अटॅच व्हीडिस्क रीडओन्ली, कॉम्पॅक्ट व्हीडिस्क, डिटॅच व्हीडिस्क. होम एडिशनवर ऑप्टिमाइझ-व्हीएचडी मिळत नाही म्हणून डिस्कपार्टच. फाइल वापरात आहे अशी एरर आली तर डॉकर किंवा एडिटरने डब्ल्यूएसएल परत उठवलेलं असतं, सगळं बंद करून परत करा. डब्ल्यूएसएलमध्ये सेट-स्पार्स म्हणून आपोआप आकसणारा पर्याय आला होता, पण डेटा करप्ट व्हायच्या शक्यतेमुळे नंतर तो बंद केला गेला आणि आता तो वापरायला --अलाउ-अनसेफ असं लिहावं लागतं. नावातच अनसेफ आहे, मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

परत फुगू नये म्हणून

वरचं सगळं केलं तरी काही महिन्यांत परत तेच, कारण डिलीट झाल्याचा निरोप खाली पोचवायची सोय अजून झालेलीच नाही. दर वेळी शून्य भरत बसण्यापेक्षा ती सोय एकदा करावी. एसएसडीसाठी जी ट्रिम नावाची कमांड आहे तीच इथे चालते, गेस्ट सांगतो हे ब्लॉक मला नकोत आणि हायपरवायझर ते फाइलमधून सोडून देतो. अट अशी की गेस्टने निरोप पाठवला पाहिजे, मधल्या प्रत्येक थराने तो पुढे दिला पाहिजे आणि डिस्क फॉरमॅटने तो मानला पाहिजे. एक कडी तुटली की सगळं वाया, आणि एररही येत नाही.

केव्हीएमवर डिस्कच्या ड्रायव्हर सेटिंगमध्ये डिस्कार्ड म्हणजे अनमॅप करा. जुन्या मशीनवर डिस्क व्हर्टआयओ-ब्लॉक असेल तर त्यात डिस्कार्डचा सपोर्ट क्यूईएमयू ४.० पासून आलाय, त्याआधीचं असेल तर व्हर्टआयओ-स्कझीवर न्या. केव्हीएमवरच चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डचा चेकबॉक्स आहे, तो सुरुवातीला बंद असतो म्हणूनच तिथे थिन पूल भरल्याच्या तक्रारी इतक्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्टोरेजअटॅच कमांडला --नॉनरोटेशनल ऑन आणि --डिस्कार्ड ऑन असं दोन्ही द्यावं लागतं, सेटिंगमधली सॉलिड-स्टेट ड्राइव्हची खूण म्हणजे फक्त त्यातलं पहिलं. हेही व्हीडीआयलाच लागू.

मग गेस्टमध्ये तपासा. लिनक्समध्ये एलएसबीएलके -डी, हा डी कॅपिटल, त्यात डिस्कार्डच्या रकान्यांत शून्य दिसत असेल तर निरोप पुढे जातच नाहीये. शून्य नसेल तर एफएसट्रिम -एव्ही मारा, किती जागा ट्रिम झाली ते सांगेल, आणि एफएसट्रिम डॉट टायमर चालू करून ठेवा, तो आठवड्यातून एकदा आपोआप चालतो. लक्स असेल तर क्रिप्टटॅबमध्ये डिस्कार्ड हा पर्याय स्वतःहून द्यावा लागतो, डीफॉल्ट बंद असतो, कारण चालू केल्यावर कुठले ब्लॉक मोकळे आहेत एवढी माहिती बाहेरून दिसू शकते. घरच्या टेस्टिंग मशीनला त्याने काही फरक पडत नाही, गोपनीय कामाच्या मशीनला मात्र विचार करून द्या. विंडोज गेस्टमध्ये एफएसयूटिल बिहेविअर क्वेरी डिसेबल-डिलीट-नोटिफाय, उत्तर ० आलं म्हणजे ट्रिम चालू, नावात डिसेबल असल्यामुळे उलटं वाचायचं. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जच्या खिडकीत ड्राइव्हपुढे हार्ड डिस्क असं लिहिलं असेल तर विंडोज ट्रिम न करता डीफ्रॅग करत बसेल, म्हणजे वर जे टाळा म्हटलं तेच, दर आठवड्याला. सॉलिड स्टेट किंवा थिन प्रोव्हिजन्ड दिसलं पाहिजे.

एवढं करूनही फुगत असेल तर मग खरोखरच काहीतरी सतत लिहितंय, बिल्डच्या टेम्प फाइल, लॉग, डाउनलोडचा कॅश. ते वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर टाका. ती डिस्क भरली तर सरळ फेकून नवीन बनवता येते आणि मुख्य डिस्क शांत राहते.

मर्यादाच कमी करायची असेल तर

आता तिसरा आकडा. २०० ची डिस्क ६० चीच करायचीय, कारण दुसरीकडे हलवायचीय जिथे पूर्ण जागा मोजली जाते, वगैरे. आधी बॅकअप. इथे खरंच डेटा जातो. क्रम आतून बाहेर असा असतो, आधी फाइल सिस्टिम लहान, मग पार्टिशन, मग डिस्क, आणि प्रत्येक थर आतल्यापेक्षा थोडा मोठा ठेवायचा. उलटं केलं, म्हणजे डिस्क आधी कापली, की शेवटचा डेटा कापला गेला. क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ म्हणूनच --श्रिंक असं मुद्दाम लिहायला लावतं, नाहीतर नकार देतं. जीपीटी (हल्लीच्या पार्टिशन टेबलचा प्रकार) डिस्कच्या अगदी शेवटी पार्टिशन टेबलची दुसरी प्रत असते, डिस्क कापली की ती जाते, एसजीडिस्क -ई ने परत योग्य जागी लिहून घ्यायची.

ईएक्सटी४ चालू असताना लहान होत नाही, अनमाउंट करून ई२एफएससीके -एफ आणि मग रिसाइझ२एफएस. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम व्यवहारात लहान करताच येत नाही, आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ पासून तिथे डीफॉल्ट तेच आहे, त्यामुळे त्या लोकांनी श्रिंकच्या नादी न लागता सरळ नवीन डिस्कवर कॉपी करावं. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमधलं श्रिंक बऱ्याचदा ५० जीबी मोकळे असून ३ जीबीच देतो म्हणतं, कारण मध्येच कुठेतरी न हलणारी फाइल असते, पेजफाइल, हायबरफिल, रिस्टोअर पॉइंट. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये डीफ्रॅगचा २५९ नंबरचा इव्हेंट बघा, नेमकी कुठली फाइल आडवी आली ते त्यात लिहिलेलं असतं. पेजफाइल तात्पुरती बंद, हायबरनेशन बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रीस्टार्ट, परत श्रिंक. त्यानंतरही सीच्या पुढे रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या टोकाला बसलेलं असतं, ते आधी लाइव्ह आयएसओवरच्या जीपार्टेडने अलीकडे सरकवावं लागतं.

हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्सच्या टोकाला अशी मोकळी, कुठल्याच पार्टिशनमध्ये नसलेली जागा असेल तर रिसाइझ-व्हीएचडी -टू-मिनिमम-साइझ ती काढून टाकतं, जुन्या व्हीएचडीला हे चालत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या --रिसाइझने फक्त वाढवता येतं, कमी करता येत नाही, कितीही वेळा मारा. तिथे आणि जिथे शंका असेल तिथे माझं मत असं की दुसरी लहान डिस्क बनवा, दोन्ही जोडून जीपार्टेड किंवा क्लोनझिलाच्या आयएसओने बूट करा, पार्टिशन लहान करून नव्या डिस्कवर कॉपी करा. वेळ जास्त जातो पण जुनी डिस्क शाबूत राहते. कॉपी झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून बूट करू नका, दोन्हींचे यूयूआयडी सारखे असतात आणि लिनक्स कुठली माउंट करेल याचा नेम नाही. बूटच झालं नाही तर डेटा गेला असं समजून घाबरू नका, बहुतेक वेळा बूटलोडर नव्या डिस्कवर टाकायचा राहिलेला असतो.

शेवटी एक फसवी गोष्ट, लिनक्स होस्टवर क्यूकाऊ२ किंवा रॉ इमेज ट्रिमने आकसली तरी एलएस मध्ये आकडा तोच दिसू शकतो, कारण फाइलला मध्ये भोकं पडलेली असतात, लांबी तीच. खरी जागा डीयू ने किंवा क्यूईएमयू-आयएमजी इन्फोमधल्या डिस्क साइझमध्ये बघा. आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर साध्या एससीपीने पाठवलीत तर भोकांच्या जागी शून्यं लिहिली जाऊन ती तिकडे पूर्ण लांबीची होऊन पोचते, त्याऐवजी आरसिंक -एस वापरा, एस कॅपिटल, किंवा त्याच मशीनवर कॉपी करायची असेल तर सीपीला --स्पार्स=ऑलवेज द्या.